गाडी भाड्याची, डेंट आपला!

सेमिस्टर संपलं की व्हॉट्सॲपवर एक नवा ग्रुप तयार होतोच. 'कोकण कन्फर्म' किंवा 'गोवा फायनल' असं काहीतरी त्याचं नाव. आधी वीस जण असतात, मग घरून परवानगी, पैसे, इंटर्नशिप अशी गळती लागत लागत शेवटी चार जण उरतात. चार जण म्हणजे बरोबर एक गाडी. मग कुणीतरी म्हणतं, 'एसटी नको यार, सेल्फ ड्राइव्ह घेऊ. चौघांत वाटलं तर काहीच नाही.'

आमचंही असंच झालं. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव करत दिवेआगर. दोन दिवस, एक छोटी हॅचबॅक, भाडं दिवसाला १,८०० रुपये, डिपॉझिट ५,००० रुपये. बुकिंग माझ्या नावावर, कारण ॲपवर फक्त माझंच लायसन्स आधीपासून व्हेरिफाय झालेलं होतं. पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर एक छोटा चौकोन आला: 'डॅमेज प्रोटेक्शन, ३४९ रुपये प्रतिदिन'. मी तो टिक केला नाही. दोन दिवसांचे ६९८ रुपये वाचले म्हणून ग्रुपवर शेखीसुद्धा मिरवली. तिघांनी अंगठे दाखवले.

तुमच्याही बोटाने तो चौकोन कधीतरी असाच रिकामा सोडला असेल, किंवा पुढच्या ट्रिपला सोडेल. म्हणून त्याच्या पुढची गोष्ट सांगते.

गडग्याला घासली

दिवेआगरच्या वाड्यांमधले रस्ते तुम्ही पाहिले असतील. दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्याचे गडगे, वर सुपारीची सावली, आणि समोरून दुसरी गाडी आली की कुणीतरी एकाने मागे जायचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मला झोप आवरत नव्हती, म्हणून स्टिअरिंगवर आमच्यातला एक मित्र होता. गाडी तो चांगली चालवतो, लायसन्सही आहे. समोरून टेम्पो आला, त्याने गाडी मागे घेतली आणि डाव्या बाजूने एक आवाज झाला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला वर्णन करून सांगायची गरज नाही.

उतरून पाहिलं. मागचा डावा दरवाजा आत दबलेला, त्याच्या मागच्या पत्र्यापर्यंत लांबलचक ओरखडा, आणि पांढऱ्या रंगावर चिऱ्याचा लाल रंग. कुणाला काही लागलं नव्हतं, ही खरं तर मोठी गोष्ट. पण तेव्हा ती मोठी वाटली नाही. चौघांच्याही डोक्यात एकच प्रश्न होता: किती?

पुण्यात गाडी परत दिली तेव्हा तिथल्या मुलाने मोबाइलवर फोटो काढले आणि एक फॉर्म पुढे केला. त्यात रकाना होता, 'अपघाताच्या वेळी चालक कोण?' मागून एक मैत्रीण हळूच म्हणाली, 'तुझंच नाव टाक ना, सोपं पडेल.' मी क्षणभर थांबले आणि मित्राचं नाव लिहिलं. तेव्हा मला वाटलं की मी फक्त खरं लिहितेय. पण खरं सांगायचं, तर मनात कुठेतरी हेही होतं की गाडी मी ठोकलेली नाही.

तीन दिवसांनी मेल आला. नवीन दरवाजा १४,५००. रंगकाम ८,०००. मजुरी ४,५००. गाडी पाच दिवस उभी राहिली त्याचे ९,०००. नोंदणी नसलेल्या चालकाने गाडी चालवल्याचा दंड ३,०००. एकूण ३९,०००. डिपॉझिट वजा करून ३४,००० रुपये सात दिवसांत भरा.

ग्रुप एकदम शांत झाला. इतका शांत तो परीक्षेच्या आदल्या रात्रीही नसतो.

गाडीचा इन्शुरन्स नव्हता का?

पहिला प्रश्न आम्हाला हाच पडला, आणि तुम्हालाही पडेल. रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला विमा लागतोच ना?

लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण 'थर्ड पार्टी' म्हणजे गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस. पादचारी, समोरचा दुचाकीस्वार, कुणाची भिंत. तुम्ही चालवत असलेल्या गाडीचा डेंट त्यात येत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' हा वेगळा भाग असतो. भाड्याच्या गाड्यांचा तोही बहुतेक वेळा काढलेला असतो, पण तो गाडीच्या मालकाचा असतो. क्लेम करायचा की नाही हे मालक ठरवतो, तुम्ही नाही.

आणि छोट्या नुकसानीसाठी मालक सहसा क्लेम करत नाही. एक तर प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम मालकालाच भरावी लागते. दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम न केल्यास पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दरवाजासाठी ती सूट कोण घालवेल? त्यापेक्षा गाडी घेणाऱ्याकडून पैसे वसूल करणं सोपं. भाडेकरारात तसं लिहिलेलंही असतं, आणि त्यावर आपणच 'आय ॲग्री' केलेलं असतं.

मग तो ३४९ रुपयांचा चौकोन म्हणजे काय? नाव काहीही असो, तो बऱ्याचदा विमा नसतो. ती कंपनीने दिलेली सूट असते: 'तुम्ही एवढे जास्तीचे पैसे भरा, नुकसान झालं तर ठरावीक रकमेच्या वर आम्ही तुमच्याकडून मागणार नाही.' आमच्या बुकिंगमध्ये ही मर्यादा ५,००० रुपयांची होती. म्हणजे ६९८ रुपये भरले असते, तर ३९,००० च्या जागी ५,००० वर भागलं असतं. एवढं वाचून मी डोक्याला हात लावला.

पण मग खालच्या अटी वाचल्या, आणि दुसरा हातही लावला. ही सूट फक्त नोंदणी केलेला चालक गाडी चालवत असेल तरच लागू होती. म्हणजे मी चौकोन टिक केला असता, तरीही आम्हाला काहीच मिळालं नसतं. दुसऱ्या चालकाचं लायसन्स अपलोड करायची सोय ॲपमध्ये होती. फुकट होती. दोन मिनिटांचं काम. ते मी केलं नव्हतं, आणि चावी मात्र मीच त्याच्या हातात दिली होती.

चौकोन टिक केला तरी काय सुटतं?

बऱ्याच कंपन्यांच्या अटी मी या निमित्ताने वाचून काढल्या. प्रत्येकीची भाषा वेगळी, पण काही गोष्टी वारंवार दिसतात. दारू पिऊन चालवली, तर सूट नाही. लायसन्स नसलेल्याने किंवा नोंदणी नसलेल्याने चालवली, तर नाही. टायर, चाकाची रिम, काच, हरवलेली चावी, जळलेला क्लच हे अनेकदा बाहेर. गाडीच्या पोटाला लागलं, म्हणजे दगडावर आपटून ऑइल सम्प फुटला, तर तेही अनेकदा बाहेर. पाण्यात घातली, तर इंजिनचा खर्च तुमचा.

शेवटचा मुद्दा कोकणात आणि गोव्यात जाणाऱ्यांनी खास लक्षात ठेवा. रीलसाठी गाडी समुद्रकिनाऱ्यावर नेणं हा प्रकार दर सुट्टीत होतो. चाकं वाळूत रुततात, भरती येते, आणि मग गावकऱ्यांचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. खाऱ्या पाण्यात बसलेल्या गाडीचं बिल कुठल्याच चौकोनात मावत नाही.

पांढऱ्या पाटीचा सापळा

गोव्यात आणखी एक धोका आहे. कुणीतरी 'ओळखीचा' माणूस स्वस्तात गाडी किंवा स्कूटर देतो. नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पाटी पांढरी असेल, तर ती कुणाची तरी खासगी गाडी आहे. खासगी गाडीचा विमा ती भाड्याने देण्यासाठी नसतो. म्हणजे अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मालकाशी तुमचा कागदावर करारही नसतो. मग नुकसान किती, हे तो सांगेल तेच. गाडी सोडून जायची तर बॅगा, आधार कार्ड आणि परतीची ट्रेन, सगळंच अडकलेलं. पाटी पाहायला दोन सेकंद लागतात. तेवढी पाहाच.

बिल म्हणजे देववाणी नव्हे

परत आमच्या ३४,००० कडे येऊ. आम्हाला मीडिया लॉ शिकवणाऱ्या सरांना मी बिल दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, 'गाडी ठोकलीत ना? मग पैसे द्यावे लागतील, ते मनाशी पक्कं करा. प्रश्न फक्त किती, हा आहे.' हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. कारण तोवर ग्रुपवर दोनच मतं होती: 'एक पैसा देऊ नका' आणि 'सगळे देऊन मोकळे होऊ'.

कायदा साधारण असा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेल, तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी आपण घ्यायला हवी. वेगळा करार केला असेल, तर जबाबदारी त्याहून जास्त असू शकते, आणि भाडेकरारात ती असतेच. पण त्याच कायद्याचं कलम ७४ आपल्या बाजूने आहे. करारात दंडाचा आकडा आधीच लिहिलेला असला, तरी तो आकडा ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई मिळते, आकडा लिहिलाय म्हणून आपोआप पूर्ण रक्कम नाही. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात स्पष्ट केलं आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' अशी व्याख्याच आहे. अवाच्या सवा डिपॉझिट मागणं, नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणं हे त्यात येतं.

मग मी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. काकांना फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, 'दार बदलायचं कशाला? चौकट सरळ आहे. डेंटिंग करून दोन पॅनल रंगवले की झालं. साडेनऊ, दहा हजार. दोन दिवसांत गाडी देतो.'

त्या रात्री मी कंपनीला मेल लिहिला. भांडण नाही, धमकी नाही. पाच गोष्टी मागितल्या: गाडी घेताना आणि देताना काढलेले तुमचे फोटो, वर्कशॉपचं जीएसटी बिल, दरवाजा बदलला असेल तर जुन्या दरवाजाचा फोटो, गाडी किती तारखेपासून किती तारखेपर्यंत उभी होती त्याची नोंद, आणि विम्याचा क्लेम केला आहे का याचं लेखी उत्तर. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. विमा कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले असतील, तर तेच पैसे आपल्याकडून पुन्हा घेणं बरोबर नाही. मग प्रश्न उरतो फक्त मालकाने स्वतः भरलेल्या हिश्श्याचा.

आठ दिवस उत्तर नाही. मी आठवण करून दिली आणि 'उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन' एवढं एक वाक्य जोडलं. हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे वकील लावायची सक्ती नाही, तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते.

तिथवर जावं लागलं नाही. नवीन मेल आला. दरवाजा बदललेलाच नव्हता. वर्कशॉपचं बिल होतं ११,८०० रुपये. गाडी दोन दिवस उभी होती, त्याचे ३,६००. दंडाचे ३,००० त्यांनी सोडले नाहीत, आणि मीही त्यावर वाद घातला नाही, कारण तो नियम मी खरंच मोडला होता. एकूण १८,४००. डिपॉझिट वजा जाता १३,४०० भरायचे होते. ३४,००० वरून १३,४००.

आणि आता, पैसे कोणाचे?

खरी अडचण इथेच होती, आणि यावर कुठलंही कलम नाही.

'जो चालवत होता त्याने द्यायचे' असं उघडपणे कुणीच म्हणालं नाही. पण ज्या दिवशी ३४,००० चा मेल आला, त्या दिवशी मी तो ग्रुपवर न टाकता आधी फक्त त्यालाच फॉरवर्ड केला होता. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्याने घरी सांगितलं नाही. नंतर कळलं की त्याने फोनमध्ये एक झटपट कर्ज देणारं ॲप घेतलं होतं, पॅन आणि सेल्फी अपलोड केली होती आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागणाऱ्या पायरीवर तो थांबला होता. अशा ॲपवाल्यांनी वसुलीसाठी लोकांच्या नातेवाइकांना फोन करून किती छळलंय, हे आपण बातम्यांत वाचतो. मी तर अशा बातम्या भाषांतरित करते. त्या यादीत माझा मित्र येऊ शकतो, आणि त्याला तिथवर पोहोचवायला माझा एक फॉरवर्ड पुरेसा आहे, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

आम्ही चौघं कॉलेजच्या कॅंटीनमध्ये बसलो. मी आधी त्याची माफी मागितली. मग हिशेब मांडला. गाडी चौघांची होती. ६९८ रुपये वाचवायला चौघांनी अंगठे दाखवले होते. मी झोपले होते म्हणून तो चालवत होता, त्याची हौस म्हणून नव्हे. त्यामुळे दुरुस्ती आणि उभ्या गाडीचे १५,४०० चौघांत समान: प्रत्येकी ३,८५०. दंडाचे ३,००० माझे एकटीचे, कारण बुकिंग माझं, नियम मला माहीत असायला हवा होता, आणि चावी मी दिली होती. तो नको म्हणत होता. मागे बसलेली मैत्रीण म्हणाली, 'टेम्पो आला तेव्हा मागे बघून सांगायचं काम माझं होतं. मी रील बघत होते.' मग तो काही बोलला नाही.

कंपनीकडून आम्ही दोन हप्ते मागून घेतले. मागितलं तर मिळतं, हेही तेव्हाच कळलं. ॲप त्याने आमच्यासमोरच डिलीट केलं.

हा हिशेब बरोबरच होता असं मी म्हणत नाही. तुमचा ग्रुप वेगळा वाटेल. पण तो निघायच्या आधी वाटा. डेंट पडल्यावर माणूस हिशेब करत नाही, स्वतःला वाचवतो. मी तेच केलं होतं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन ओळी

मास्टर्सला अमेरिकेत निघालेल्यांनो, तिथे हाच चौकोन 'सीडीडब्ल्यू' किंवा 'एलडीडब्ल्यू' या नावाने भेटेल. तोही विमा नव्हे, वसुली सोडून देण्याचा करारच. २५ वर्षांखालच्या चालकाकडून तिथे बऱ्याचदा जादा शुल्क घेतात. दुरुस्तीच्या बिलाशिवाय गाडी उभी राहिल्याचे, कागदपत्रांचे आणि गाडीची किंमत घटल्याचे पैसेही मागितले जाऊ शकतात. काही क्रेडिट कार्डांवर असं संरक्षण मिळतं, पण ते तुमच्या कार्डावर आहे का, हे काउंटरवर नाही, घरी बसून तपासा.

निघण्यापूर्वी हे करा

• गाडी घेताना भोवती फिरून सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, चाकं, काचा, छत, बंपरची खालची कड, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. जुने ओरखडे कंपनीच्या फॉर्मवर लिहून घ्या. परत देतानाही तसाच व्हिडिओ.

• जो जो गाडी चालवणार, त्या प्रत्येकाचं लायसन्स बुकिंगवर नोंदवा. लायसन्स नसलेल्याला 'पाचच मिनिटं' सुद्धा देऊ नका. विनालायसन्स चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे नंतर वसूलही करू शकते.

• डॅमेज प्रोटेक्शन घ्यायचं की नाही ते ग्रुपवर विचारा, पण दोन आकडे टाकून: किती भरायचे, आणि नाही भरले तर जास्तीत जास्त किती जाऊ शकतात. त्यात काय येत नाही, तेही वाचा.

• अपघातात कुणाला लागलं असेल, तर गाडी विसरा. आधी दवाखाना, ११२ वर फोन, पोलिसांना माहिती. हे कायद्यानेही बंधनकारक आहे.

• फक्त पत्रा गेला असेल, तर जागेवरच फोटो काढून कंपनीला लगेच कळवा. परस्पर गॅरेजमध्ये दुरुस्त करून घेऊ नका, नंतर तोच वाद होतो.

• कोऱ्या फॉर्मवर सही नको. फोनवरच्या आकड्यावर पैसे पाठवू नका. तपशीलवार बिल लेखी मागा.

• आणि बिल आलं की ते आधी ग्रुपवर टाका. एकट्याला फॉरवर्ड करू नका.